पोहून पोट भरतं का? (अडॉल्फ कीफर, एक पदक आणि पुढची सत्तर वर्षं)

गोदाकाठ

मंडळी, गेल्या रविवारी मोठे दीर जेवायला आले होते. धाकटी तेवढ्यात तलावावरून आली. केस ओले, डोळे क्लोरीननं लाल, आणि ताटावर अशी बसली की माझी लाटायची पोळी आणि तिची खायची पोळी यांची शर्यत लागली. दिरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे गं, पण पोहून पोट भरतं का?"

ती नववीत आहे. बॅकस्ट्रोक पोहते. जिल्ह्यात पहिल्या तिनात असते, राज्याला गेली की पहिल्या आठात यायची मारामार. त्यामुळे ऑलिंपिक वगैरे शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही. पण पुढच्या वर्षी दहावी. पहाटे पाचला स्कूटर बाहेर काढताना हा प्रश्न माझ्याही मनात येतोच. दिरांवर रागावून काय करू?

म्हणून बसले शोधायला, की जे खरोखर ऑलिंपिकला गेले, पदकं आणली, त्यांनी पुढे पोटापाण्याचं काय केलं. मार्क स्पिट्झ ठाऊक होता, फेल्प्स ठाऊक होता. सापडला मात्र एक म्हातारा, ज्याचं नाव मी आजवर ऐकलं नव्हतं. अडॉल्फ कीफर.

जन्म १९१८, शिकागो. आईबाप जर्मनीहून आलेले. लहानपणी म्हणे एका कालव्यात पडला, पोहता येत नव्हतं, उताणा तरंगत कडेला लागला. नाकात पाणी गेलेलं त्याला आवडायचं नाही म्हणून पुढेही पाठीवरच पोहत राहिला. (आमची धाकटीही बॅकस्ट्रोककडे याच कारणानं वळली, म्हणून मी जरा जास्तच रमले.) १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण. वय अठरा. त्यानंतरची दोन ऑलिंपिकं युद्धानं खाल्ली. मग युद्धात अमेरिकन नौदलात पोहणं शिकवलं, आणि युद्ध संपल्यावर शिकागोत पोहण्याच्या सामानाची कंपनी काढली. पोशाख, तलावातले दोर, जीवरक्षकांचं सामान. २०१७ साली ९८ व्या वर्षी वारला, आणि नव्वदीतही पोहायचा.

तर प्रश्न असा. हा माणूस पदकामुळे व्यापारी झाला, की पदक नसतं तरी झाला असता? आणि तुमच्या पाहण्यात खेळातून धंद्यात गेलेलं कोणी आहे का? नोकरी मिळालेले सांगू नका, ते दिरांनी सांगून झालंय.

चकली

पहिला नंबर माझा. रुमाल टाकून ठेवते, सावकाश लिहीन.

तिरकस

पोळ्यांची शर्यत कोण जिंकलं ते लिहायचं राहिलं.

बाकी १९३६, बर्लिन, आणि नाव अडॉल्फ. शिकागोतल्या पोराला हे नाव पुढच्या दहा वर्षांत किती जड गेलं असेल!

आकडेमोड

छान विषय. दोनचार आकडे जोडतो.

१९३५ मध्ये, म्हणजे शाळेत असतानाच, कीफरनं १०० यार्ड बॅकस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पोहून दाखवलं. तोवर ते कुणाला जमलं नव्हतं. बर्लिनला त्याची वेळ होती १ मिनिट ५.९ सेकंद, हा ऑलिंपिक विक्रम. १९४८ ला लंडनमध्ये अ‍ॅलन स्टॅक सुवर्ण जिंकला तो १ मिनिट ६.४ सेकंदांत. म्हणजे बारा वर्षांनी जिंकणारासुद्धा कीफरच्या मागेच. तो विक्रम मोडला १९५२ ला हेलसिंकीत, योशी ओयाकावानं, १ मिनिट ५.४ सेकंद. सोळा वर्षं.

आता याकडे असंही बघा. १९४० ला तो बावीस वर्षांचा असता आणि १९४४ ला सव्वीस. पोहणाऱ्याची उमेदीची वर्षं हीच. ४० चं ऑलिंपिक आधी टोकियोला होणार होतं, मग हेलसिंकीला गेलं, मग रद्दच. ४४ चं लंडन तर झालंच नाही. एक सुवर्ण घेऊन थांबावं लागलं, ते काही तो हरला म्हणून नव्हे.

गोदाकाठ

@आकडेमोड, धन्यवाद. हे वाचून धाकटी म्हणाली, "मग माझी वेळ १९३६ ला चालली असती का?" चालली नसती. तिला सांगितलं नाही.

@तिरकस, पोळी जिंकली.

रंकाळा

नोकरीचं सांगू नका म्हटलात तरी मी सांगणारच, कोल्हापूरकर आहे.

आमचा वीरधवल खाडे घ्या. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य आणलं. त्याआधीचं आपलं पोहण्यातलं आशियाई पदक १९८६ चं, खजान सिंगचं. म्हणजे चोवीस वर्षं कोरडी. राज्य सरकारनं तहसीलदार केलं. चांगलंच केलं, त्यात वाईट काय? पण तहसीलदार म्हणजे काय असतं हे ज्याच्या घरात सातबाराची भानगड आहे त्याला विचारा. दुष्काळ, पूर, निवडणूक, वाळूचे ट्रक. त्यात पहाटे तलावावर कधी जाणार? तरी गडी २०१८ ला जकार्ताला परत उतरला आणि ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये चौथा आला. पदक किती सेकंदांनी गेलं माहिती आहे का? ०.०१. एक शतांश! त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी नीट जेवलं नाही.

तर नोकरीनं पोट भरतं, नाही असं नाही. पण पाणी सुटतं हो. त्या कीफरबाबानं पाणी सोडलं नाही, एवढाच मला फरक दिसतोय.

मधुमालती

रंकाळा, लिहिलंय सुंदर, पण थोडं भावनिक होतंय. धंदा काढला की पाणी सुटत नाही हे कोणी सांगितलं? धंदा करणारा दिवसभर जीएसटी आणि उधारी यातच असतो. तहसीलदाराला निदान एक तारखेला पगार होतो. माझ्या माहेरी तीन पिढ्या किराणा आहे, मला विचारा पहाटे पाचला वडील कुठे असायचे. तलावावर नाही, मार्केट यार्डात.

तिरकस

+१. आणि मार्केट यार्डात कुणी पदक देत नाही.

खलाशी_निवृत्त

धागा आवडला. नौदलाच्या भागाबद्दल लिहितो, कारण तो इथे एका ओळीत संपला आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

लोकांना वाटतं नौदलात भरती होणाऱ्याला पोहता येतच असेल. अजिबात नाही. माझ्या तुकडीत बीडचा एक मुलगा होता, त्यानं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात जास्त पाणी म्हणजे गावचं पाझर तलाव. पहिल्या दिवशी तलावाच्या कठड्याला असा चिकटला की दोघांनी सोडवावा लागला. शेवटी तोच आमच्यात सगळ्यात शांत तरंगायचा.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. शेतावरची, खाणीतली, शहरातली लाखो पोरं एकदम जहाजांवर चढली. जहाज बुडालं की शत्रूच्या गोळीआधी पाणीच माणूस घेई. कीफर नौदलात गेला तेव्हा ही गोष्ट त्याच्या नजरेस आली, आणि ती त्यानं वरपर्यंत नेली. पुढे सगळ्या नौदलाचं पोहणं शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. सुमारे १३ हजार शिक्षक तयार केले असं सांगतात. शिक्षक, बरं का, खलाशी नव्हे. त्या शिक्षकांनी पुढे खलाशी शिकवले.

आणि काय शिकवलं? शर्यत नाही. घाबरू नका, उताणे व्हा, नाकतोंड वर ठेवा, दम वाचवा. कालव्यात पडलेल्या पोराला जे आपोआप सुचलं तेच. आम्हालाही तेच शिकवलं. उंचावरून उडी मारताना पाय जुळवून, नाक धरून सरळ पडायचं. पाण्यात पँट काढायची, पायांच्या टोकांना गाठ मारायची, हवा भरून घ्यायची आणि ती गळ्याभोवती घेऊन तरंगायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. पाण्यात कुणी हसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कंपनी काढण्याआधी या माणसानं काही वर्षं हेच पाहिलं की न पोहणाऱ्या माणसाला पाण्यात काय काय लागतं. जिंकणाऱ्याला काय लागतं ते त्याला आधीच माहीत होतं. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला माणूस दुकान उघडणार नाही तर काय करणार?

चकली

खलाशीकाका, हा वेगळा धागा व्हायला हवा. पँटची हवा!! मी कोकणातली, आम्हाला आजोबांनी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. डबा गोडेतेलाचा. आठवड्यानं डबा काढला आणि सांगितलंच नाही. मी पलीकडच्या पायऱ्यांना हात लावून परत आले तेव्हा कळलं.

रंकाळा

डबा म्हणजे चैन. आमच्याकडे पांगाऱ्याचं लाकूड. आणि आजोबा नाही, थोरला भाऊ. आणि बांधायच्या आधी ढकलायचा.

मधुमालती

आमच्याकडे वाळका भोपळा. चला, आता सगळे आपापली विहीर सांगणार. धाग्याची विहीर होते आहे.

तिरकस

धाग्याला डबा बांधा.

टोपी_गॉगल

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो, या धाग्यासाठी. आमचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, वडिलांपासून. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या नजरेनं सांगतो.

पोहण्याच्या सामानाचा धंदा आपल्याकडे दोन महिन्यांचा. एप्रिल आणि मे. सुट्टीचं शिबिर लागलं की आई पोराला घेऊन येते, टोपी, गॉगल, कॉस्च्युम, तिन्ही घेऊन जाते, जूनमध्ये सगळं माळ्यावर. पुढच्या एप्रिलला पोराचं माप बदललेलं असतं म्हणून परत येते, त्यावर आमचं चालतं. पावसाळ्यात छत्र्या विकतो, लाज कसली. वर्षभर पोहणारं गिऱ्हाईक थोडं, आणि तेच घासाघीस सगळ्यात जास्त करतं, कारण त्यालाच माल कळतो. (@गोदाकाठ, तुम्ही त्यातल्याच असणार.) क्लोरीन लायक्रा खातं. रोज दोन तास पाण्यात असलेल्या मुलीचा लायक्राचा कॉस्च्युम काही महिन्यांत मागून पारदर्शक होतो, आई दुकानदाराला बोलते. म्हणून सरावाला पॉलिएस्टरचा घ्या म्हणतो, तर "कडक आहे" म्हणून ठेवून जातात.

आता कीफर. दोन गोष्टी त्यानं केल्या त्या मला फार हुशारीच्या वाटतात.

एक, कापड. त्याच्या काळी शर्यतीचे पोशाख रेशमाचे किंवा लोकरीचे, सुताचे. ओलं झालं की लोकर किती पाणी धरते ते स्वेटर धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. युद्धात रेशीम मिळेना, नायलॉन पॅराशूटकडे गेलं. युद्ध संपल्यावर नायलॉन बाजारात मोकळं झालं आणि यानं त्याचे पोहण्याचे पोशाख काढले. १९४८ च्या ऑलिंपिकला अमेरिकन संघ ते घालून उतरला. नायलॉन पाणी धरत नाही, लवकर वाळतं, पातळ विणता येतं. आज हे ऐकून कुणाला काही वाटणार नाही. पण लोकरीतून नायलॉनवर येणं हे नंतरच्या सगळ्या पोशाखांपेक्षा मोठं होतं असं माझं मत. २००८ चे ते अंगाला चिकटवलेले पॉलियुरेथेनचे पोशाख आठवतात? विक्रमांचा पाऊस पडला आणि २०१० पासून बंदी आली. नायलॉनवर कुणी बंदी आणली नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्याचं खरं गिऱ्हाईक पोहणारा नव्हताच. तलाव होता. लेनचे दोर, बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी वर बांधायच्या पताका, जीवरक्षकाचं सामान. हे कोण घेतं? शाळा, कॉलेज, नगरपालिका, क्लब. एक ऑर्डर आली की पन्नास आयांची घासाघीस वाचली. कॉस्च्युम विकून घर चालेल, पण तलाव विकत घेणारं गिऱ्हाईक सापडलं तर कंपनी उभी राहते.

पदकाचा उपयोग? फीत कापायला. आमच्या दुकानाचं नूतनीकरण झालं तेव्हा एक राष्ट्रीय खेळाडू बोलावला होता. गर्दी झाली, फोटो झाले, विक्री झाली पेढ्यांची, आणि तीही शेजाऱ्याची.

गोदाकाठ

@टोपी_गॉगल, मी घासाघीस करते हे तुम्हाला कसं कळलं? आमच्या गावात दुकान आहे का तुमचं?! असेल तर तो निळा कॉस्च्युम कडकच होता.

तुमचा तलावाचा मुद्दा मात्र पटला. मी इतके दिवस चुकीचं वाचत होते, मला वाटत होतं की त्याचं नाव बघून लोक पोशाख घेत असतील.

आकडेमोड

पूर्ण सहमत नाही. पदक फीत कापायलाच असं म्हणणं सोपं आहे. पण १९४८ साली ऑलिंपिक संघाच्या प्रशिक्षकाला "हे नवं कापड वापरून बघा" असं एखादा अनोळखी शिंपी सांगू शकला असता का? दार उघडलं ते सुवर्णानंच. आत जाऊन काय बोलायचं ते त्याला येत होतं, ही वेगळी गोष्ट.

आणि पदकानं दार उघडतं पण ते किती दिवस उघडं राहतं, याचं उदाहरण मार्क स्पिट्झ. १९७२ म्युनिकला सात सुवर्णं, सातही विश्वविक्रमासह. दंतवैद्य व्हायचा विचार होता, तो सोडून जाहिरातींच्या करारांत गेला. पोस्टर घराघरांत. पण पडद्यावर जमलं नाही आणि दोनतीन वर्षांत तो बहर ओसरला. पुढे जमीनजुमल्याच्या धंद्यात त्यानं चांगलं बस्तान बसवलं, उपाशी वगैरे राहिला नाही. तरी बघा, नाव विकणं आणि दोर विकणं, टिकलं काय?

तिरकस

सात सुवर्णं आणि विकायचं काय तर प्लॉट. हे तर आमच्या पुण्यातही होतं, सुवर्णाशिवाय.

पल्याड

नमस्कार मंडळी, उशिरा आलो. इलिनॉयमध्ये राहतो, शिकागोपासून तासभरावर. धागा उघडला आणि उडालोच, कारण हे नाव मी गेली चार वर्षं रोज वाचतोय! मुलगा शाळेच्या संघात पोहतो, तिथल्या सामानावर "कीफर" लिहिलेलं असतं. मला वाटायचं कुठल्यातरी कारखान्याचं नाव असेल, बाटा असतं तसं. माणूस असेल असं मनातही आलं नाही.

लेनच्या दोरांबद्दल थोडं सांगतो, कारण बाकावर बसून बसून मी त्याच्याकडेच बघत असतो. पूर्वी दोराला बुचाचे तरंगे असायचे, एवढंच, लेन कुठे संपते ते कळावं म्हणून. पण आठ जण एकदम पोहायला लागले की प्रत्येकाची लाट शेजारच्याच्या तोंडावर जाते, भिंतीवर आपटून परत येते. मधल्या लेनवाल्यापेक्षा कडेचा जास्त मार खातो. आत्ताचे दोर म्हणजे प्लास्टिकच्या चकत्यांची माळ असते, चकत्यांना पाती असतात आणि त्या गरागरा फिरतात. लाट आली की तिचा जोर चकती फिरवण्यात जातो, पलीकडे पाणी बऱ्यापैकी शांत. लाट मोडणारे दोर बनवण्यात कीफर पहिल्या काही जणांतला, त्याचं पेटंटही होतं. एकट्याचं श्रेय नाही हे, इतरांनीही केलं. पण उताण्या पोहणाऱ्यालाच हे सुचणं साहजिक. तोंड वर असतं, शेजारच्याची लाट थेट नाकात.

अजून एक. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्याबरोबर त्यानं गरीब वस्त्यांमधून मुलांसाठी तलाव व्हावेत म्हणून काम केलं. टोपी_गॉगल म्हणतील की तेवढेच दोर खपले! खपले असतीलही. पण पोरं पोहायला शिकली ना.

टोपी_गॉगल

मी असं म्हणणारच होतो. आणि त्यात वाईट काही नाही, हेही म्हणणार होतो. गिऱ्हाईक तयार करणं हाही धंदाच. मी आमच्या नगरपालिकेला तलाव बांधा म्हणून गेली पंधरा वर्षं सांगतोय. एक बांधला. पाच वर्षांत फरशा निघाल्या, आता त्यात क्रिकेट खेळतात. मी बॅटी विकतो.

चकली

हाहाहा, "मी बॅटी विकतो"! चहा सांडला.

मधुमालती

हिटलरचं काय झालं? बर्लिनचा उल्लेख करून सगळे पुढे गेले.

आकडेमोड

कीफर मुलाखतींत सांगायचा. सरावाच्या वेळी हिटलर लवाजम्यासह तलावावर आला, हस्तांदोलन झालं. पुढे काय काय घडलं ते कळल्यावर, आपण त्याला तेव्हाच तलावात ढकलायला हवं होतं, असं तो म्हातारपणी म्हणायचा.

रंकाळा

पांगाऱ्याशिवाय.

खलाशी_निवृत्त

रंकाळा, आज तुम्ही जिंकलात.

मधुमालती

बरं, मी वर नोकरीची बाजू घेतली होती, त्यात एक भर. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले. सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग अधू झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण आणलं, विश्वविक्रमासह. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. त्यानंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ ला. शेहेचाळीस वर्षांनी! मधली सगळी वर्षं घर चालवलं ते त्या नोकरीनं. या माणसाला कोणी "धंदा का नाही काढलात" असं विचारेल का? भांडवल कुठून, दार कोण उघडणार? शिकागोत १९४६ नंतर शाळाशाळांतून तलाव होत होते. आपल्याकडे १९७२ ला दुष्काळ होता, लोक खडी फोडत होते.

त्यामुळे "आपले खेळाडू नोकरी शोधतात" असं नाक मुरडून म्हणू नये एवढंच.

रंकाळा

हे मात्र मान्य. मुजरा.

गोदाकाठ

मीच वर "नोकरीचं सांगू नका" म्हटलं होतं. मागे घेते.

आकडेमोड

धागा शांत झालाय तर एक गंमत. बर्लिनच्या त्या शर्यतीत कांस्य कुणाला मिळालं बघितलं. मासाजी कियोकावा, जपान. हा १९३२ चा विजेता. लॉस एंजेलिसला या शर्यतीची तिन्ही पदकं जपाननं नेली होती, त्यातलं सुवर्ण याचं. चार वर्षांनी कीफर पहिला, अमेरिकेचाच व्हॅन डी वेघे दुसरा आणि हा तिसरा.

पुढे हा कियोकावा कानेमात्सु नावाच्या व्यापारी कंपनीत होता आणि चढत चढत तिचा अध्यक्ष झाला. शिवाय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य, नंतर उपाध्यक्ष. म्हणजे एकाच चौथऱ्यावर उभे राहिलेले दोघे, एकानं स्वतःची कंपनी काढली, एक दुसऱ्याच्या कंपनीत जाऊन तिच्या शेंड्यावर बसला. मधुमालती, हे तुमच्या नोकरीच्या खात्यात घ्या.

मधुमालती

घेतलं. व्याजासह.

तिरकस

दोघेही उताणे पोहणारे. धंद्यात उताणं पडण्याची सवय आधीच झालेली असणार, उपयोगी पडते.

पल्याड

@तिरकस :))

मूळ प्रश्नावर येऊ का? धागाकर्तीनं विचारलं होतं पदकामुळे की पदकाशिवाय. इथल्या मुलांकडे बघून मला तिसरंच काही दिसतं. शाळेच्या संघातली बहुतेक पोरं कॉलेजला गेली की पोहणं सोडतात. पण सोळाव्या वर्षापासून उन्हाळ्यात जीवरक्षकाचं काम करतात, लहानांना शिकवतात, हातात दोन पैसे येतात. माझा मुलगा शर्यतीत कधीच पहिला येत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यानं पाच वर्षांच्या बारा पोरांना तरंगायला शिकवलं आणि स्वतःच्या पैशानं बूट घेतले. कीफरचं नौदल आणि याचा उन्हाळा, प्रमाण सोडलं तर काम तेच.

टोपी_गॉगल

हे आपल्याकडेही होतंय. चांगला प्रशिक्षक मिळत नाही म्हणून सोसायट्यांचे तलाव रिकामे पडलेत. मुलींना शिकवायला बाई हवी म्हणून तर लोक माझ्याकडे फोन नंबर मागतात. बंगळुरूची निशा मिलेट, २००० ला सिडनी ऑलिंपिकला गेलेली, तिनं स्वतःची पोहण्याची अकादमी काढली. ऑलिंपिक पदक नव्हतं तिच्याकडे. दिरांना हे सांगा.

खलाशी_निवृत्त

आणि जीवरक्षकाचा अभ्यासक्रम करून घ्या, वय बसलं की लगेच. शर्यतीचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, हे खिशात राहतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस इथे फिरकले नाही कारण जिल्हा स्पर्धा होती. दीर आले होते बघायला, आपणहून. पहिल्यांदाच. उघडा तलाव, सकाळी अकराचं ऊन, बॅकस्ट्रोकवाल्यांच्या थेट डोळ्यांत. भिंतीआधी पाच मीटरवर ज्या पताका बांधतात त्या एका बाजूनं सुटून लोंबत होत्या. पताका दिसल्या की हात मोजायचे आणि वळायचं, असा त्यांचा हिशेब. धाकटीला दिसल्याच नाहीत, डोकं आपटलं भिंतीवर. फार नाही, टेंगूळ आलं. तिसरी आली.

दीर उठले ते तडक पताकांकडे. कुणाला काही न विचारता खुर्ची घेतली, वर चढले, दोरी ताणून बांधली. खाली उतरून आयोजकांना विचारलं, "हे सामान कुठून आणता? कोण देतं? काय पडतं?" आयोजक म्हणाले, मुंबईहून मागवावं लागतं, महिना लागतो. परत येताना गाडीत पूर्ण वेळ गप्प. घरापाशी आल्यावर म्हणाले, "जिल्ह्यात तलाव किती आहेत गं?"

@टोपी_गॉगल, तुमचा नंबर खरडवहीत टाका. आणि उन्हात चालेल असा काळ्या काचेचा गॉगल आहे का, तेही सांगा. घासाघीस करणार नाही.

टोपी_गॉगल

आहे. टाकतो. करणार तुम्ही.